थ्रॉटल घरी आला, आता पहिला स्क्रू कुठला?

पाना-पकड : वाचकांचे प्रश्न, निवृत्त विमान-तंत्रज्ञाची उत्तरं

प्रश्न : मी कोपरखैरण्यात राहतो, आयटीत नोकरी करतो आणि घरच्या एका खोलीत फ्लाइट सिम्युलेटर उभा करतोय. तळोज्याच्या एका भंगारवाल्याकडे प्रवासी विमानाचं थ्रॉटल युनिट, म्हणजे इंजिनांची ताकद कमी-जास्त करायच्या लिव्हरचा ठोकळा, मिळालं. मधे दोन मोठे लिव्हर, दोन्ही अंगांना पांढरा पट्टा असलेली काळी चाकं, उजवीकडे फ्लॅपचा (पंखाच्या मागच्या झडपांचा) दांडा आणि त्याच्या कडेला १, २, ५, १०, १५, २५, ३०, ४० असे आकडे. खालच्या केबल कापलेल्या आहेत, तारांचा गुंता लोंबतोय, अर्धे बोल्ट माझ्या पान्यांत बसत नाहीत. हे उघडून, साफ करून कॉम्प्युटरला जोडायचं आहे. आतलं सगळं काढून टाकून फक्त सांगाडा आणि लिव्हर ठेवले तर चालेल का? सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : शेवटून दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे घोटाळा झाला तर पुढचं वाचून काही उपयोग नाही. आतलं काढायचं नाही. तारा हव्या तेवढ्या काढा, पण स्प्रिंगा, खिट्ट्या, कॅम, पुली यांना जपा. तारांचं काम आज थोड्याशा पैशांतल्या बोर्डावर होतं. लिव्हर हातात धरल्यावर जो जडपणा लागतो, खाचेत पडताना जो टक आवाज येतो, तो तुम्हाला लॅमिंग्टन रोडवर विकत मिळणार नाही. नुसता सांगाडाच हवा असेल तर प्लायवूडचा करा, स्वस्तात होईल. मग खऱ्या विमानाचा तुकडा घरात आणला कशाला?

आता ओळख. फ्लॅपचे आकडे आणि ती मोठी चाकं वाचूनच कळलं, हे बोइंग ७३७ आहे. एअरबस ए-३२० असतं तर फ्लॅपच्या दांड्याला १, २, ३ आणि फुल एवढंच दिसलं असतं. पण ७३७ कुठल्या पिढीचं? केबल कापल्यात एवढ्यावरून ते ठरत नाही. ट्रिम (विमानाचं नाक वर-खाली तोलणारी यंत्रणा, ती मोठी चाकं तिचीच), फ्लॅप आणि स्पीडब्रेक (पंखावरच्या हवा अडवणाऱ्या फळ्या) यांच्या केबल नव्या ७३७ मध्येही असतात. तुम्ही मधल्या दोन मोठ्या लिव्हरचा माग काढत खाली जा. तो दुवा शेवटी इंजिनाच्या केबलकडे जात असेल तर माल जुना आहे, म्हणजे ७३७-२०० किंवा ३००-४००-५००. दुव्याच्या शेवटी कोन मोजणारी विजेची डबी, म्हणजे रिझॉल्व्हर, बसवलेली असेल तर ७३७-८०० च्या घरातला, कारण त्या इंजिनांना हुकूम तारेतून जातो. अंगावर पत्र्याची छोटी पाटी असेल, तिच्यावरचा पार्ट नंबर लिहून घ्या. पाटीबद्दल शेवटी आणखी बोलायचं आहे.

जुना निघाला तर नशीबवान समजा. गुंतागुंत कमी आणि यंत्रणा डोळ्यांनी दिसणारी. आमच्या हँगरमध्ये नवीन पोरांना थ्रॉटल समजावताना आम्ही मुद्दाम जुनंच युनिट उघडायचो. त्यात काही लपलेलं नसतं.

बोल्ट का बसत नाहीत, ते ऐका. हे सगळं इंची माप. आपल्या गॅरेजच्या पेटीत आठ-नऊ, दहा-अकरा असे मिलिमीटरचे पाने असतात. विमानात सर्रास दिसणाऱ्या एएन-३ बोल्टचं डोकं ३/८ इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. दहाचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो, जोर दिला की घसरतो आणि कोपरे खातो. एएन-४ चं डोकं ७/१६ इंच, ते अकरापेक्षा केसभर मोठं, म्हणून अकराचा पाना त्यावर जाईलच असं नाही. ५/१६ ला मात्र आठचा चालून जातो. तेव्हा ३/८, ७/१६ आणि १/४ हे इंची रिंग पाने आणि छोटा इंची सॉकेट सेट आधी घ्या, मग पहिला नट हलवा.

आणखी एक फसगत इथेच सांगून ठेवतो. एएन-३ च्या आट्यांचं माप १०-३२. त्याचा व्यास ४.८ मिलिमीटरच्या आसपास आणि पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.७९. आपला एम-५ बोल्ट घ्या, व्यास ५, पीच ०.८. दोन्ही शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. बोल्ट हरवला म्हणून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून एम-५ आणाल, तो दोन-चार आटे गोड जाईल आणि मग असा अडकेल की नटही गेला आणि आतली पट्टीही. म्हणून काढलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या वॉशर-नटासकट त्याच भोकात सैल घालून ठेवा. ते जमत नसेल तर झिपच्या पिशवीत घाला आणि पिशवीवर मार्करने 'डावं ट्रिम चाक, मागची बाजू' असं धडधडीत लिहा. 'बोल्ट ४ नग' असं लिहिलेल्या पिशव्या पुढच्या महिन्यात वाचता येतात, समजत नाहीत.

उघडण्याआधी फोटो. सगळ्या बाजूंनी, आणि प्रत्येक लिव्हर पुढे असताना एक, मागे असताना एक. हालचालीचा व्हिडिओही घ्या. कुठला कॅम कुठल्या स्विचला कधी दाबतो, हे सुट्या भागांवरून पुन्हा जुळवायला बसलात तर रविवार जाईल.

आता पहिला स्क्रू. वरच्या काळसर-करड्या पट्ट्यांपासून सुरुवात करा. ज्यांवर आकडे आणि अक्षरं आहेत, त्या. काही साध्या स्क्रूवर असतील, काही झूस फास्टनरवर, ते पाव फेरीत सुटतात, जास्त फिरवू नका. या पट्ट्या ॲक्रिलिकच्या असतात. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लावलंत तर अंगभर बारीक भेगा पडतील आणि अक्षरं गेली ती गेली. भांडी घासायच्या साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. आतल्या दिव्यांना ५ व्होल्ट लागतात. विमानात ते एसी असतात, पण बल्ब तारेचे असल्यामुळे कॉम्प्युटरच्या जुन्या एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) ५ व्होल्टची लाइन त्यांना चालते. घाईत १२ व्होल्ट दिले तर एकदाच छान उजेड पडेल.

त्यानंतर बाजूची आवरणं, मग ट्रिमची चाकं. चाकाच्या आत घडी होणारं हँडल आहे, ते बाहेर काढून ठेवा, नाहीतर चाक ओढताना पोटऱ्यांना लागेल. कॉकपिटमध्ये गुडघे सोलून घेतलेले वैमानिक मी पाहिलेत.

लॉकवायर, म्हणजे बोल्टच्या डोक्यातल्या भोकातून पिळून नेलेली बारीक तार, पक्कडीने ओढू नका. कटरने कापा, तुकडा हातात धरूनच कापा आणि लगेच डबीत टाका. चष्मा लावा. तिची टोकं सुईसारखी असतात आणि उडालेला तुकडा गिअरमध्ये बसला की पुढे महिनाभर कुरकुर का येते, ते शोधत बसाल. जोडताना घरी लॉकवायर पिळायची गरज नाही, आटे धरून ठेवणारा गोंद, निळं लॉकटाइट २४३, पुरेसा आहे. सर्क्लिप आणि ओढलेल्या स्प्रिंगा काढताना वरून जाड फडकं धरा.

आणि एक गंभीर गोष्ट. जुन्या विमानाच्या पोलादी बोल्टांना बहुतेक कॅडमियमचा मुलामा असतो, कधी सोनेरी, कधी मळकट चंदेरी. तो विषारी आहे. गंजलेला बोल्ट ग्राइंडरवर धरणं, पॉलिश पेपरने घासणं, टॉर्चने तापवून नट सैल करणं, यातलं काहीही घरात करायचं नाही. तापवलं की धूर होतो आणि तो फुप्फुसात जातो. अडकलेल्या नटाला पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि रात्रभर विसरा. हातमोजे घाला आणि काम झाल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने नीट धुवा. डायनिंग टेबलावर हे काम करायचा विचार असेल तर घरच्यांना मी काही सांगणार नाही, पण करू नका.

तारांचं सोपं आहे. विमानात बहुतेक तारा पांढऱ्या, रंगावरून काही कळत नाही. प्रत्येक तारेवर ठरावीक अंतराने नंबर छापलेला असतो, तो वाचा. मोठ्या गोल कॅनन प्लगपासून आतल्या बाजूला तारा कुठे जातात, ते मल्टिमीटरचा बझर लावून बघा आणि वहीत लिहा. ज्या तारा मायक्रोस्विचकडे जातात, त्या ठेवा. हे स्विच सोन्यासारखे आहेत, बंद डबीतले, वर्षानुवर्षं टिकणारे. लिव्हरच्या मुठीवरचं टोगाचं बटण (टेक-ऑफला किंवा उतरणं रद्द करून पुन्हा वर जाताना दाबायचं), बाहेरच्या टोकाचं ऑटोथ्रॉटल (लिव्हर आपोआप हलवणारी यंत्रणा) सोडवायचं बटण, हॉर्न बंद करायचं बटण, खालच्या कॅमवरचे स्विच, सगळे थेट यूएसबी बोर्डाला जोडता येतात. बाकीच्या तारा प्लगपासून कापून टाका. इन्सुलेशन दातांनी सोलायला जाऊ नका, टेफ्लॉन आहे, दात हरतील.

आता लिव्हरची जागा कॉम्प्युटरला कशी कळणार? जुन्या युनिटमध्ये केबल ज्या दुव्याला ओढत होती, तिथेच पोटेन्शिओमीटर बसवायचा, आम्ही त्याला नुसतं 'पोट' म्हणतो. दुकानात 'बी-१० के' मागा. 'बी' म्हणजे समप्रमाणात वाढणारा. 'ए' घेतलात तर अर्धा लिव्हर ढकलेपर्यंत इंजिन झोपलेलं आणि मग एकदम धावलेलं. बोर्ड म्हणून अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या, कॉम्प्युटर त्याला जॉयस्टिक म्हणून ओळखतो. उनो स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, तो स्वतःहून जॉयस्टिक होत नाही. लिओनार्डो ० ते १०२३ एवढ्या पायऱ्या वाचतो. तयार वस्तू हवी असेल तर लिओ बोडनारचा बीयू-०८३६ए आहे, १२ बिट, आठ अक्ष आणि ३२ बटणं.

इथे पुष्कळ जण एक हिशेब करत नाहीत. समजा लिव्हरचा अक्ष ५० अंश फिरतो आणि पोट ३०० अंशांचा आहे. दोन्ही सरळ जोडलेत तर १०२४ पैकी जेमतेम १७० पायऱ्या हाती लागतील आणि एन-वन, म्हणजे इंजिनाच्या पंख्याचा वेग, एक टक्का इकडेतिकडे करताना काटा उड्या मारेल. मधे थ्री-डी प्रिंटरमध्ये वापरतात तो जीटी-२ दातेरी पट्टा आणि एकास तीन पुली घाला. पोट १५० अंश फिरेल, पायऱ्या पाचशेच्या वर जातील. बुश किंवा स्पेसर हवा असेल तर वागळे इस्टेटमध्ये लेथवाले आहेत. नुसता फोटो नेऊ नका, जुना तुकडा हातात घेऊन जा.

सगळं जोडून झाल्यावर तुमची निराशा होणार आहे, आधीच सांगतो. लिव्हर हलके, लुळे लागतील. विमानात लिव्हरला जडपणा येतो तो बराचसा खालच्या लांबच लांब केबल, पुली आणि ऑटोथ्रॉटलच्या क्लचमुळे. केबल कापल्या तिथेच तो जडपणा भंगारात गेला. तो परत घालावा लागतो. अक्षाच्या दोन्ही बाजूंना नमद्याचे वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर आणि बाहेरून नायलॉकचा नट. नट पाव-पाव फेरी आवळत जा. हात सोडला की लिव्हर जागेवर थांबला पाहिजे आणि दोन बोटांनी ढकलला की सलग सरकला पाहिजे. ग्रीस थापून जडपणा आणायला जाऊ नका, एप्रिलमध्ये एक वागेल आणि जानेवारीत दुसरंच.

रिव्हर्सच्या छोट्या दांड्यांजवळची खिटी मात्र सोडवूच नका. मुख्य लिव्हर पूर्ण मागे, आयडलला असल्याशिवाय रिव्हर्सचा दांडा उचलला जात नाही आणि रिव्हर्स उचललेला असताना मुख्य लिव्हर पुढे जात नाही. हवेत कुणी चुकून रिव्हर्स ओढू नये म्हणून केलेली ही लोखंडी शिस्त आहे. तिच्या पिना काढल्या तर परत बसवताना पाव मिलिमीटरचा खेळ राहतो आणि सगळं बिघडतं. रॉकेलचा ब्रश मारा, सुकवा, हलक्या मशीन ऑइलचा थेंब सोडा, बस. फ्लॅपच्या दांड्याच्या १ आणि १५ वरच्या अडसरांचंही तेच. स्पीडब्रेकचा दांडा 'डाउन'च्या खाचेतून वर उचलल्याशिवाय मागे येत नाही, तो बिघाड नाही, तसाच असायला हवा.

ट्रिमचं चाक आपोआप फिरवायचं असेल तर कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरपार्टवाल्यांकडून गाडीच्या वायपरची मोटर आणा. ताकद भरपूर. पण तिच्यात वर्म गिअर असतो, म्हणजे मोटर चाकाला फिरवते, चाक मोटरला फिरवू शकत नाही. सरळ जोडलंत तर हाताने ट्रिम करता येणार नाही. खऱ्या ७३७ मध्ये फिरणारं चाक हाताने धरून थांबवता येतं, तेवढी सोय घरीही हवी. मधे सपाट पट्टा थोडा ढिला ठेवा, धरलं की तो घसरेल. ट्रिम तोडायचे दोन स्विच जपून ठेवा. २०१८ आणि २०१९ मध्ये ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली, त्यानंतर साऱ्या जगाला या स्विचचं नाव माहीत झालं. सिम्युलेटरवर ट्रिम बेभान सुटल्याचा सराव कराल तेव्हा तेच लागतील. आणि चाक खडखडतं. रात्री अकरानंतर खालच्या मजल्यावरचे वर येतील. युनिटखाली जाड रबरी मॅट घाला.

राहिली ती पाटी. पार्ट नंबरची पाटी आठवण म्हणून ठेवायची असेल तर फ्रेम करून भिंतीवर लावा, युनिटवर ठेवू नका. युनिटच्या अंगावर पुसता न येणाऱ्या रंगात लिहा : 'सिम्युलेटर, उड्डाणासाठी नाही'. पुढे कधी विकलंत तर छंदवाल्यालाच विका. तुम्ही म्हणाल, माझा हा खुळखुळा कोण विमानात बसवणार? पण भंगार साफ होऊन, कागद लावून बाजारात परत येतं, हे मी या धंद्यात ऐकत आलोय. १९८९ मध्ये नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचं कॉन्व्हेअर विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, ५५ माणसं गेली. शेपटीच्या जोडणीतले बोल्ट बनावट निघाले. २०२३ मध्ये सीएफएम-५६ इंजिनांच्या सुट्या भागांचे खोटे दाखले उघडकीला आले. तुमचं युनिट ७३७-३०० चं निघालं, तर त्या विमानाचं इंजिनही त्याच कुटुंबातलं. म्हणून पाटी सुटी फिरू देऊ नका.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. घरच्या सिम्युलेटरवर तासन् तास बसतो आणि म्हणतो, हे तास वैमानिकाच्या लायसन्ससाठी उपयोगी पडतील. खरं आहे का?
— एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नाही, ताई. कमर्शियल लायसन्सला आपल्याकडे २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यात डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याने, मान्य केलेल्या सिम्युलेटरचे काही तास धरतात, पण घरचा सिम्युलेटर कितीही भारी असला तरी त्याचा एक मिनिटही लॉगबुकात जात नाही. उपयोग मात्र होतो. चेकलिस्ट म्हणायची सवय लागते, कुठलं घड्याळ कुठे आहे ते अंगवळणी पडतं, रेडिओवरच्या बोलण्याची भीती जाते. तोटाही आहे. घरी बसून उडवणाऱ्या पोरांची नजर पडद्यावरच्या घड्याळांना चिकटते आणि पाय रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवर कामच करत नाहीत. खऱ्या छोट्या विमानात पहिल्या दिवशी गुरुजी आधी बाहेर बघायला शिकवतात. पैसे भरायच्या आधी एक काम करा, त्याची वैद्यकीय तपासणी डीजीसीएच्या मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून करून घ्या. आधी क्लास टू, मग क्लास वन. डोळ्यांचा किंवा रंग ओळखण्याचा प्रश्न असेल तर तो लाखो रुपये गेल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेला बरा.

प्रश्न : फ्लॅटमध्ये जागा नाही. विमानाचे सुटे भाग गॅलरीत ताडपत्रीखाली ठेवले तर चालेल का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : वाशीला? खाडी समोर असताना? नाही. ॲल्युमिनियमच्या अंगात पोलादी बोल्ट आणि वरून खारी दमट हवा, म्हणजे दोन धातूंमध्ये गंजाची बॅटरीच सुरू होते. वर सांगितलेला तो कॅडमियमचा मुलामा याच कारणासाठी असतो आणि तुमच्या भागांवर तो ठिकठिकाणी उडालेला असणार. ताडपत्रीने पाऊस अडतो, दमटपणा आतच कोंडतो. जूनच्या आधी भाग घरात घ्या, पॉलिथिनच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह बांधा आणि पलंगाखाली सरकवा. जड भाग चाकं लावलेल्या प्लायवूडच्या फळीवर ठेवा, झाडू मारताना ओढायला बरं पडतं. पुड्या पावसाळ्यात दोनदा तरी बदला.